कॅश केलेल्या मेन्यूत ‘चालू पान’ कसं दाखवायचं? वेगवेगळ्या वाटांचा तुलनात्मक आढावा

साईट रात्रीपर्यंत ठीक होती. सकाळी कॅश (तयार करून साठवलेल्या प्रती) रिकामी केली, त्यानंतर पहिलं पान कुणीतरी ‘संपर्क’चं उघडलं, आणि तेव्हापासून ‘बातम्या’ उघडा, ‘प्रकाशनं’ उघडा, मुखपृष्ठ उघडा, मेन्यूत रंगलेला दिसतोय तो ‘संपर्क’च. पुन्हा कॅश रिकामी केली की काही वेळ दुसरंच पान रंगतं. आपल्या मशीनवर मात्र सगळं बरोबर दिसतं, कारण तिथे कॅश बंद असते.

कारण सरळ आहे. मेन्यू तयार करताना कोडने आत्ता कोणतं पान उघडलंय ते पाहिलं, त्या लिंकला ‘अ‍ॅक्टिव्ह’ क्लास लावला आणि ते तयार एचटीएमएल जसंच्या तसं कॅशमध्ये टाकलं. लिंकांची यादी सगळ्या पानांना सारखीच आहे, पण खूण एका पानापुरतीच खरी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच डब्यात बंद झाल्या. खूण ही मेन्यूची नसते, पानाची असते. म्हणून ती डब्याबाहेर काढायची, एवढं नक्की. कुठे काढून ठेवायची, यावर मात्र पाच-सहा वेगवेगळी उत्तरं आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

आधी बघा, तुमच्याकडे कॅश आहे कुठली

हा प्रश्न न विचारताच बरेच जण उपाय शोधायला लागतात. संपूर्ण पान कॅश करणारी व्यवस्था असेल, म्हणजे वर्डप्रेसवर डब्ल्यूपी सुपर कॅशसारखं प्लगिन किंवा सर्व्हरच्या पुढे बसून पानं साठवणारा व्हार्निश, तर प्रत्येक युआरएलची प्रत वेगळी साठवली जाते. ‘बातम्या’च्या प्रतीत ‘बातम्या’ रंगलेला, ‘संपर्क’च्या प्रतीत ‘संपर्क’. तिथे हा घोळ होतच नाही. घोळ होतो तो मेन्यूचा तुकडा वेगळा कॅश केला की. वर्डप्रेसमध्ये मेन्यूचं एचटीएमएल ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या साठ्यात, ठेवलं, जँगो किंवा रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये टेम्प्लेटच्या त्या भागाभोवती कॅशचा ब्लॉक घातला, ह्यूगोत (सगळी पानं आधीच बांधून ठेवणारं साधन) ‘पार्शलकॅश्ड’ वापरलं, किंवा सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या स्क्रिप्टने) साईटचा सांगाडा एकदाच साठवून सगळ्या पानांना तोच दिला, की ही अडचण समोर येते.

दुसरं बघायचं ते हे की मेन्यू वेगळा कॅश करण्याची खरंच गरज आहे का. मुख्य मेन्यूत आठ लिंका असतील तर तो दर वेळी नव्याने बांधायला सर्व्हरला काही वाटत नाही. वर्डप्रेसमध्ये मेन्यूतली प्रत्येक ओळ ही डेटाबेसमध्ये स्वतंत्र पोस्ट असते आणि तिच्यासोबत मेटाच्या अनेक नोंदी असतात, त्यामुळे दोनशे-अडीचशे ओळींचा मोठा, उलगडणारा मेन्यू जड जातो हे खरं. पण तिथेही आधी रेडिससारखा कायम टिकणारा ऑब्जेक्ट कॅश लावून बघावा. त्यात डेटा साठतो, एचटीएमएल नाही. खूण दर वेळी ताजी लागते आणि डेटाबेसच्या फेऱ्या वाचतात. माझ्या कामात निम्म्याहून जास्त वेळा विषय इथेच मिटला आहे. मोजून बघा, आणि मेन्यूला लागणारा वेळ एकूण वेळेत नगण्य असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही.

पहिली वाट: प्रत्येक पानाची वेगळी प्रत

हा सगळ्यात आधी सुचणारा उपाय. कॅश-कीमध्ये, म्हणजे प्रत ज्या नावाने साठते त्यात, पानाचा पत्ता घालायचा. जँगोच्या कॅश टॅगला शेवटी रिक्वेस्टचा पाथ दिला की झालं, रेल्समध्येही तसंच. एका ओळीत काम होतं आणि खूण नेहमी बरोबर लागते.

पण हिशोब करून बघा. समजा साईटवर ३००० पानं आहेत आणि मेन्यूचं एचटीएमएल ८ किलोबाइट आहे. एकाच मेन्यूच्या ३००० प्रती, म्हणजे जवळपास २४ मेगाबाइट. जागेपेक्षा मोठा तोटा असा की एखादं जुनं पान महिन्यातून एकदा उघडलं जातं, त्याची प्रत कॅशमध्ये कधी सापडतच नाही आणि मेन्यू नव्यानेच बांधावा लागतो. ज्यासाठी कॅश केलं तेच साधत नाही.

पाथऐवजी पूर्ण युआरएल घेतला तर आणखी बिघडतं. फेसबुकवरून आलेल्या लिंकेला मागे ‘एफबीक्लिड’ चिकटलेलं असतं, जाहिरातीवरून आलेल्याला ‘जीक्लिड’, आणि त्यातली किंमत दर वेळी वेगळी. प्रत्येक वाचकागणिक नवी प्रत तयार होते. वाटेल ते पत्ते ठोठावणारे बॉट आले की अस्तित्वात नसलेल्या पानांच्याही प्रती साठतात. मराठी पत्त्यांचा वेगळा त्रास आहे: देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि युआरएलमध्ये एन्कोड झालं की ९ अक्षरांचं होतं. मेमकॅश्ड या कॅश सर्व्हरची की जास्तीत जास्त २५० बाइटची. म्हणजे २८ चिन्हांचा मराठी पत्ता (मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजून) कच्चा टाकला तर तो कीमध्ये मावत नाही. जँगो स्वतः हॅश करून घेतो, म्हणजे लांब कीचं ठरावीक लांबीचं रूप बनवतो. हाताने की बनवत असाल तर तुम्ही करा.

शंभरच्या आत पानं असलेल्या छोट्या साईटला ही वाट चालते. वाढणाऱ्या साईटला मी सुचवणार नाही.

दुसरी वाट: पानागणिक नाही, खुणेगणिक प्रत

पहिल्या वाटेत थोडासाच फेरफार केला आहे, पण फरक फार मोठा पडतो. मेन्यूचं रूप पानागणिक बदलत नाही. कोणती लिंक रंगली यावर बदलतं. ३००० पानं असली तरी मेन्यूत ४० लिंका असतील तर मेन्यूची रूपं जास्तीत जास्त ४१: चाळीस लिंकांची चाळीस आणि काहीच न रंगलेलं एक. आठ किलोबाइटच्या हिशोबाने सगळं मिळून ३२८ किलोबाइट. शिवाय ‘बातम्या’ विभागातल्या हजार बातम्यांना एकच प्रत पुरते, त्यामुळे ती कॅशमध्ये कायम गरम राहते.

द्रुपल या वर्डप्रेससारख्या प्रणालीने हेच तत्त्व गाभ्यात घेतलं. २०१५ साली आलेल्या द्रुपल ८ पासून मेन्यूच्या ब्लॉकला एक कॅश कॉन्टेक्स्ट जोडलेला असतो. त्याचा अर्थ असा की या मेन्यूची प्रत पत्त्यावरून नव्हे, तर या मेन्यूत मुळापासून चालू पानापर्यंतची कोणती साखळी उघडी आहे त्यावरून ठरवावी. द्रुपलवर काम करत असाल आणि स्वतःचा ब्लॉक लिहीत असाल तर हा कॉन्टेक्स्ट लावायला विसरू नका. सुरुवातीला सांगितलेला ‘संपर्क’चा प्रकार तिथे बहुतेक वेळा याच विसरण्यातून होतो.

ह्यूगोतही हीच सोय आहे. ‘पार्शलकॅश्ड’ला टेम्प्लेट आणि संदर्भ दिल्यावर पुढे आणखी एखादी किंमत देता येते, आणि त्या किमतीगणिक वेगळी प्रत साठते. तिथे विभागाचं नाव दिलं की प्रत्येक विभागासाठी मेन्यू एकदाच बांधला जातो. काहीच दिलं नाही तर जे पान आधी बांधलं गेलं त्याची खूण सगळ्या साईटवर उमटते. ह्यूगो पानं समांतर बांधतो, त्यामुळे आज एक पान जिंकतं आणि उद्याच्या बिल्डमध्ये दुसरं. सर्व्हर नसलेल्या साईटवरही कॅशचा हा घोळ होऊ शकतो हे अनेकांच्या लक्षातच येत नाही, आणि मग दोष सीएसएसमध्ये शोधण्यात दिवस जातो.

या वाटेला एकच अट आहे. पानावरून ‘कोणती लिंक रंगणार’ हे कळायला स्वस्त मार्ग हवा. तेवढं ठरवायलाच पूर्ण मेन्यू डेटाबेसमधून वाचावा लागत असेल तर कॅशचा फायदा उरत नाही. विभाग पत्त्याच्या पहिल्या तुकड्यात असेल, किंवा प्रत्येक पानाच्या नोंदीत त्याचा विभाग लिहिलेला असेल, तर ही वाट उत्तम. मेन्यू बदलल्यावर सगळ्या ४१ प्रती पुसायच्या असतात हेही लक्षात ठेवा. कीमध्ये मेन्यूचा आवृत्ती-क्रमांक घालून तो एकाने वाढवला की जुन्या प्रती आपोआप बाद होतात.

तिसरी वाट: कोरा मेन्यू कॅश करा, खूण शेवटी लावा

माझा स्वतःचा कल इकडे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कॅशमध्ये मेन्यूची एकच प्रत ठेवायची, तीही कोणतीच लिंक न रंगलेली. पान वाचकाकडे पाठवण्याआधी सर्व्हरवर त्या मजकुरात फक्त एका लिंकेवर खूण लावायची. मेन्यू बदलला की पुसायची नोंद एकच. पानं कितीही वाढली तरी कॅश वाढत नाही. वाचकाला तयार, पूर्ण एचटीएमएल मिळतं, जावास्क्रिप्टची गरज नाही, आणि क्लाससोबत ‘एरिया-करंट’ हा गुणधर्मही लावता येतो.

त्या गुणधर्माबद्दल दोन शब्द. डब्ल्यूएआय-एरिया १.१ हे २०१७ मध्ये मान्य झालेलं मानक. त्यात ‘एरिया-करंट’ आला. त्याची किंमत ‘पेज’ ठेवली की एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर लिंक वाचताना हे चालू पान आहे असं बोलून सांगतो. डोळ्यांनी पाहणाऱ्याला रंगलेला टॅब जे सांगतो, तेच न पाहणाऱ्याला या एका शब्दातून कळतं. चुकीच्या कॅशमुळे हा गुणधर्म भलत्याच लिंकेवर बसला तर पाहणारा माणूस शीर्षक बघून स्वतःला सावरून घेतो. ऐकणाऱ्याला मात्र तू इथे आहेस असं चक्क खोटं सांगितलं जातं. त्यामुळे ही खूण बरोबर असणं मला नुसत्या सजावटीचा प्रश्न वाटत नाही.

आता खूण लावायची कशी? सगळ्यात साधी रीत म्हणजे मेन्यू बांधताना प्रत्येक लिंकेत एक निशाणी पेरून ठेवायची, जिच्यात त्या पानाचा क्रमांक असेल. बाहेर पाठवताना चालू क्रमांकाच्या निशाणीच्या जागी क्लास आणि ‘एरिया-करंट’ घालायचे, बाकीच्या निशाण्या पुसायच्या. दोन शब्दबदल, बस. पत्त्यावरून शोधून बदलायची रीतही आहे, पण तेव्हा बदल फक्त मेन्यूच्या मजकुरात करा, पूर्ण पानात नको. नाहीतर लेखाच्या मध्यात त्याच पत्त्याची लिंक असली की तीही रंगते.

वर्डप्रेसवर यासाठी आता चांगलं हत्यार आहे. २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून गाभ्यात एचटीएमएल टॅग प्रोसेसर आला. रेगेक्सशी झटापट न करता तो टॅगमागून टॅग पुढे सरकत हव्या त्या लिंकेवर गुणधर्म लावतो. मेन्यू बांधण्याआधी चालणाऱ्या फिल्टरमधून कॅशची प्रत परत द्यायची, मेन्यू जतन झाल्यावर चालणाऱ्या हुकवर ती पुसायची, आणि मध्ये या प्रोसेसरने खूण लावायची. तीन छोटी फंक्शनं होतात. एक काळजी घ्या: कोरी प्रत खरोखर कोरी हवी. वर्डप्रेस मेन्यू बांधतानाच ‘करंट-मेन्यू-आयटम’, ‘करंट-मेन्यू-पेरेंट’, ‘करंट-मेन्यू-अ‍ॅन्सेस्टर’ असे क्लास आणि ‘एरिया-करंट’ लावून टाकतो. साठवण्याआधी ते सगळे काढले नाहीत तर एका मेन्यूत दोन चालू पानं दिसतील.

द्रुपल इथेही बघण्यासारखा आहे, कारण तो दोन वाटा एकत्र वापरतो. उघड्या साखळीसाठी वर सांगितलेल्या खुणेगणिक प्रती, आणि नेमक्या चालू लिंकेचा ‘इज-अ‍ॅक्टिव्ह’ क्लास मात्र शेवटी लावलेला. लॉगिन न केलेल्या वाचकासाठी तो क्लास पीएचपी लावते, उत्तर बाहेर जाण्याच्या अगदी आधी; लॉगिन केलेल्यासाठी जावास्क्रिप्ट. पीएचपीचा भाग पूर्ण पानाचा डॉम, म्हणजे टॅगांचं झाड, बांधत नाही. आधी साध्या शब्दशोधाने हवा तो गुणधर्म शोधतो आणि तेवढाच टॅग उघडून दुरुस्त करतो. असाच काटकसरीचा विचार तुमच्या कोडमध्येही ठेवा.

या वाटेचा कमकुवत भाग म्हणजे वडील लिंका. वाचक ‘प्रकाशनं’खालच्या ‘दिवाळी अंक’मधल्या एका अंकावर असेल तर मेन्यूत ‘दिवाळी अंक’ आणि ‘प्रकाशनं’ दोन्हीवर खूण हवी असते. मग पानाकडून आपल्या पूर्वजांची यादी मागावी लागते. पूर्वजांना क्लास लावा, पण ‘एरिया-करंट’ची ‘पेज’ ही किंमत फक्त नेमक्या पानाच्या लिंकेवर ठेवा.

चौथी वाट: नुसतं सीएसएस

मेन्यूला हात लावायचा नाही. ‘बॉडी’ टॅगवर पानाचा किंवा विभागाचा क्लास ठेवायचा आणि ‘बॉडीवर बातम्या असेल तर मेन्यूतला बातम्या रंगव’ असे जोडीचे नियम लिहायचे. खूप जुनी युक्ती आहे आणि आजही चालते. मेन्यूत पाच-सात ठरलेल्या लिंका आहेत, वर्षानुवर्षं बदलत नाहीत, अशा साईटला याहून सोपं काही नाही.

जोड्या लिहायच्या नसतील तर दुसरा प्रकार: पानाच्या ‘हेड’मध्ये एकच ओळ छापायची, ‘मेन्यूतल्या ज्या लिंकेचा पत्ता अमुक आहे ती ठळक कर’. गुणधर्मावरून निवड करता येते, त्यामुळे मेन्यू कितीही मोठा झाला तरी नियम एकच. मात्र साईटवर कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (ब्राउझरने काय चालवावं याचे नियम) असेल तर पानात छापलेली स्टाइल ब्राउझर नाकारतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक सूचना. ‘बॉडी’वर ‘पेज-आयडी-४२’ असा क्लास आपोआप येतो आणि मेन्यूत ‘मेन्यू-आयटम-५७’ असा. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; पहिला पानाचा, दुसरा मेन्यूतल्या नोंदीचा. मेन्यूच्या पडद्यावर प्रत्येक ओळीला स्वतःचा क्लास देण्याची सोय ‘स्क्रीन ऑप्शन्स’मधून उघडावी लागते, ती वापरा.

या वाटेचं खरं उणं म्हणजे सीएसएस गुणधर्म बदलू शकत नाही. दिसायला सगळं बरोबर, पण ‘एरिया-करंट’ नाहीच, म्हणून ऐकणाऱ्याला मेन्यूतून काही कळत नाही. अगदी हीच वाट घ्यावी लागली तर वर ब्रेडक्रंब, म्हणजे ‘मुखपृष्ठ > विभाग > पान’ अशी वाट दाखवणारी ओळ, ठेवा. तो तसाही पानागणिक वेगळा छापला जातो, त्यातल्या शेवटच्या दुव्यावर ‘एरिया-करंट’ लावता येतो. सिलेक्टर्सच्या चौथ्या पातळीच्या मसुद्यात चालू पत्त्याशी जुळणाऱ्या लिंकेसाठी एक स्यूडो-क्लास लिहून ठेवला आहे, पण त्याच्या भरवशावर आज साईट उभी करता येत नाही.

पाचवी वाट: ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट

मेन्यू सगळ्यांना सारखाच पाठवायचा आणि ब्राउझरने स्वतःचा पत्ता पाहून लिंक रंगवायची. सर्व्हरवर काहीच बदल नाही, पाच-दहा ओळींचं काम. सर्व्हिस वर्करने साठवलेला सांगाडा, किंवा टर्बोसारखी लायब्ररी जी पान बदलताना मेन्यू तसाच कायम ठेवते, अशा ठिकाणी हीच वाट योग्य आहे, कारण तिथे सर्व्हरला मेन्यूत लुडबूड करायला संधीच मिळत नाही. टर्बोत मात्र पान बदलल्यावर येणाऱ्या त्याच्या स्वतःच्या इव्हेंटवर कोड पुन्हा चालवा, आणि आधीची खूण काढायला विसरू नका.

‘पत्ते जुळवायचे’ हे म्हणायला सोपं आहे. खालच्या गोष्टींनी मला प्रत्यक्षात अडवलं आहे.

मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती तिरकी रेघ, आणि ती प्रत्येक पत्त्याच्या सुरुवातीला असते. विभागाची खूण ‘पत्ता अमुकने सुरू होतो का’ अशी तपासली तर मुखपृष्ठ सगळीकडे रंगतं. त्याला वेगळा न्याय लावा. ‘/कथा’ आणि ‘/कथाकथन’ हे दोन विभाग असतील तर ‘कथाकथन’च्या पानावर ‘कथा’ही रंगते, तुलना करताना शेवटची तिरकी रेघ धरूनच करा. शेवटी रेघ असलेला आणि नसलेला पत्ता एकच माना.

मग देवनागरी. वर्डप्रेस मराठी पत्ते एन्कोड करून लहान इंग्रजी अक्षरांत साठवतो. वाचकाने पत्ता देवनागरीत टाइप केला तर ब्राउझर तोच पत्ता मोठ्या अक्षरांत एन्कोड करतो. अर्थ एक, पण अक्षरशः तुलना केली तर जुळत नाही. दोन्ही बाजू आधी डीकोड करा, मग तुलना करा. त्यापुढे ‘ऱ्या’ आहे, जो मराठीत हमखास येतो. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द कुणी ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहितो, कुणाचा कीबोर्ड ‘र’ला नुक्ता जोडतो, तर कुणी ‘र्’नंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक टाकतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. म्हणून मराठी साईटवर पत्त्यांऐवजी क्रमांक जुळवा असं मी आग्रहाने सांगतो: ‘बॉडी’वर पानाचा क्रमांक, लिंकेवर त्याच पानाचा क्रमांक. वर्डप्रेसमध्ये पत्त्याचा स्लग २०० अक्षरांत बसवावा लागतो. नऊने भागलं तर देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं मावतात आणि लांब शीर्षकं मध्येच तुटतात. क्रमांकाला हे काही होत नाही.

राहता राहिला लखलखाट. स्क्रिप्ट पानाच्या शेवटी असेल तर मेन्यू आधी कोरा दिसतो आणि मग एकदम रंगतो. छोटी स्क्रिप्ट मेन्यू संपल्या संपल्या लगेच ठेवली की हे बहुतेक टळतं. खूण म्हणून अक्षरं ठळक केली तर रुंदी बदलून शेजारच्या लिंका सरकतात, त्यापेक्षा खाली रेघ किंवा मागे रंग द्या. रेघ देवनागरीत उकारांना चिकटते, म्हणून ती थोडी खाली सरकवा. आणि फक्त रंगावर विसंबू नका, रंग न ओळखणाऱ्यांना तो दिसत नाही.

सहावी वाट: मधल्या थरावर

पुढे व्हार्निश किंवा सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरांवरून पानं देणारी सेवा) असेल तर खूण तिथेही लावता येते. एज साइड इन्क्लुड्स, म्हणजे ईएसआय, ही पद्धत २००१ मध्ये डब्ल्यू३सीकडे नोंदवली गेली. व्हार्निश तिचा काही भाग चालवतो. पानात मेन्यूच्या जागी फक्त ‘इथे मेन्यू आणा, रंगलेली लिंक बातम्या’ असा निरोप असतो आणि प्रॉक्सी तो तुकडा आणून जोडते. आतून ही दुसरीच वाट आहे, फक्त जागा बदलली. मोठा फायदा मेन्यू बदलताना कळतो: पूर्ण पानांची कॅश असलेल्या मोठ्या साईटवर मेन्यूत एक ओळ वाढली की एरवी ३००० पानं पुसावी लागतात, इथे फक्त ४१ तुकडे. क्लाउडफ्लेअरच्या वर्करमध्ये एचटीएमएलरीरायटर नावाची सोय आहे, ती वाहत्या प्रवाहातच टॅग बदलते. ती तिसऱ्या वाटेची भावंड.

एका माणसाने सांभाळायच्या साईटला मी हे सुचवत नाही. काही बिघडलं तर दोष अ‍ॅपमध्ये, प्रॉक्सीत की जोडण्यात हे शोधायला जास्तीचा थर ओलांडावा लागतो. ज्यांच्याकडे व्हार्निश आधीच आहे आणि त्याची भाषा जाणणारं कुणी टीममध्ये आहे, त्यांनी जरूर विचार करावा.

मग तुम्ही काय घ्यावं

शाळा, मंडळ, छोटा व्यवसाय, शंभरेक पानं आणि दहा लिंकांचा मेन्यू: मेन्यूची वेगळी कॅश काढून टाका आणि पूर्ण पानाची कॅश लावा. प्रश्नच उरत नाही.

बातम्यांची किंवा साहित्याची वाढती साईट, हजारो पानं, विभाग स्पष्ट: दुसरी वाट. ह्यूगो आणि द्रुपल वापरणाऱ्यांना तर ती हातात तयारच मिळते.

मोठा, पातळ्यापातळ्यांचा मेन्यू, संपादक तो वारंवार बदलतात, आणि पूर्ण पानाची कॅश लावता येत नाही कारण पानावर लॉगिन केलेल्या वाचकाचं नाव वगैरे असतं: तिसरी. यातच एक सावधगिरी, लॉगिन केलेल्याचं नाव किंवा ‘बाहेर पडा’ची लिंक त्या कॅश केलेल्या मेन्यूत कधीच नको, चुकीच्या पानावरची खूण खपून जाईल, दुसऱ्याचं नाव नाही.

कोडला हात लावायची परवानगी नाही, फक्त थीमचं सीएसएस आणि एखादी स्क्रिप्ट टाकता येते: पाचवी, क्रमांक जुळवून. तेही नसेल तर चौथी आणि सोबत ब्रेडक्रंब. पहिल्या आणि पाचव्यापैकी एक निवडायची वेळ आली तर मी पाचवी घेईन; जावास्क्रिप्ट बंद पडली तर खूण दिसणार नाही, पण चुकीचीही दिसणार नाही.

कोणतीही वाट घेतली तरी तपासणी एकाच क्रमाने करा, कारण हा दोष क्रमातच लपतो. कॅश रिकामी करा आणि मुद्दाम मुखपृष्ठ सोडून एखादं आतलं पान आधी उघडा. मग दुसऱ्या विभागातलं पान, मग मुखपृष्ठ, मग मेन्यूत नसलेलं एखादं पान. या शेवटच्यावर काहीच रंगलेलं नसावं. तेच पुन्हा उलट क्रमाने. खासगी विंडोत, लॉगिन न करता. मागे ‘एफबीक्लिड’ जोडून एकदा. पत्ता देवनागरीत हाताने टाइप करून एकदा. अस्तित्वात नसलेला पत्ता टाकून एकदा. आणि शेवटी, चौथी वाट सोडून, पानाच्या सोर्समध्ये (पाचव्या वाटेत ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये) ‘एरिया-करंट’ शोधा: मेन्यूत असलेल्या प्रत्येक पानावर मुख्य मेन्यूत तो एकदाच सापडला पाहिजे, आणि त्या लिंकेचं नाव पानाच्या शीर्षकाशी जुळलं पाहिजे.